पाच वेळा भरवलेली चांदी

नागपूरजवळच्या हिंगण्याकडच्या एका ताईंनी वहीची चार पानं भरून पत्र पाठवलंय. सगळं छापायला जागा नाही, मुद्द्याचं तेवढं देतो.

"आमच्याकडे सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत, दोन वर्षांपूर्वी नगर भागातून आणल्या. मिस्टर एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतात, कोठा मी आणि सासरे पाहतो. चांदी 5 फेब्रुवारीला दुसऱ्यांदा व्याली, 24 लिटरपर्यंत गेली, आता 15 वर आहे. तिला 20 मार्च, 10 एप्रिल, 18 मे, 8 जून आणि 19 जुलैला भरवलं (कृत्रिम रेतन केलं). सकाळी धारेच्या वेळी सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला की मी फोन करते, रेतनवाले दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. दोनदा तर भरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्त पडलं, 19 जुलैच्या वेळीही पडलं, म्हणजे हीही वेळ गेलीच. दुसरी गाय कबरी. ती 12 जानेवारीला व्याली, 22 मार्चला एकदाच भरवली, त्यानंतर माजावरच नाही. शेजारचे म्हणतात माजाचं इंजेक्शन टोचून घ्या. सासरे म्हणतात, एवढं दूध देणारी गाय गाभण राहतच नसते, त्यांच्या भावाची गवळाऊ (देशी गाय) तीन लिटर देते आणि दर वर्षी वासरू देते. व्यापारी चांदीला मागतो आहे. पाऊस लागून महिना झाला, आता तर गारवा आहे, तरी असं काहून? विकून टाकू का?"

ताई, आधी कबरीचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. ते माजाचं इंजेक्शन थांबवा. शेजाऱ्यांना चहा पाजा, पण सुई टोचू देऊ नका.

तुम्ही लिहिता की 22 मार्चला एकदा भरवली आणि नंतर माज नाही. गाय माजावर न येण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ती गाभण असणं, आणि चार पानांत कुठेही कबरीची गाभण तपासणी केल्याचा उल्लेख नाही. तुमच्या पत्रावर 31 जुलै ही तारीख आहे, म्हणजे 131 दिवस झाले. एवढ्या दिवसांचा गर्भ असेल तर डॉक्टर हात घालून मिनिटभरात सांगतील. तिची तारीखही चांगली होती: व्यायल्यानंतर 69 दिवसांनी, आणि उन्हाळा पुरता तापायच्या आधी. मला तरी तिच्याबद्दल आशा वाटते.

माजासाठी जे इंजेक्शन सर्रास टोचतात ते बहुतेक वेळा प्रोस्टाग्लँडिन असतं. ते अंडाशयावरचा पीतपिंड विरघळवतं. गाय रिकामी असेल आणि तिच्या अंडाशयावर पीतपिंड असेल, तर दोन ते पाच दिवसांत माज येतो. पण गाय गाभण असेल तर त्याच पीतपिंडावर गर्भ टिकलेला असतो. तो गेला की गर्भ पडतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. मालक म्हणाला, गाय रिकामीच आहे, मीच रोज पाहतो. मला पुढच्या गावी जायची घाई होती. मी हात घालून पाहिलं नाही, सुई दिली. तिसऱ्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं आणि काही न बोलता कोठ्यातल्या शेणाकडे बोट दाखवलं. तीन महिन्यांचा गर्भ होता. त्या दिवसापासून तपासल्याशिवाय मी हे औषध बाटलीतून काढलं नाही. अजून एक, आणि हे तुमच्यासाठी. हे औषध कातडीतूनही अंगात शिरतं. घरात कोणी बाई पोटुशी असेल, किंवा कोणाला दमा असेल, तर त्यांनी ती सिरिंज हातात धरू नये. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवायचं.

आता चांदी. तुम्ही तारखा लिहून ठेवल्या, त्याबद्दल तुमचं कौतुक करायला हवं. निम्म्या पत्रांत "उन्हाळ्यात दोन-तीनदा भरवली" एवढंच असतं. तुमच्या तारखांतून गाय बोलते आहे, फक्त मधले दिवस मोजायला हवेत.

20 मार्च ते 10 एप्रिल 21 दिवस. गाईचा माज 18 ते 24 दिवसांनी येतो, तेव्हा हे बरोबर. 18 मे ते 8 जूनही 21. 8 जून ते 19 जुलै 41, म्हणजे जवळजवळ 21 ची दुप्पट. मध्ये 29 जूनच्या आसपास एक माज येऊन गेला आणि कोणालाच दिसला नाही. आणि 10 एप्रिल ते 18 मे होतात 38. हे 21 मध्येही बसत नाही आणि 42 मध्येही. याचे दोन अर्थ निघतात. एक तर यातली एखादी तारीख खऱ्या माजाची नव्हतीच, नुसता सोट पाहून भरवलं गेलं. नाहीतर एप्रिलमध्ये गर्भ धरला होता आणि दोन-अडीच आठवड्यांनी आतच विरून गेला. तसं झालं की गाय ठरल्या दिवशी न उलटता उशिरा उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. एप्रिलअखेरचं नागपूरचं ऊन लक्षात घेता मला दुसऱ्या अर्थाची शंका जास्त येते, पण छातीठोक सांगता येणार नाही.

मग ते रक्त. बहुतेकांना वाटतं की रक्त पडलं म्हणजे गर्भ राहिला नाही. बाईच्या पाळीशी लोक त्याची सांगड घालतात, पण गाईचं तसं नसतं. माज संपल्यावर अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम उतरतं, गर्भाशयाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि थोडं रक्त बाहेर येतं. गर्भ राहिला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. रक्त पडलेल्या कितीतरी गाई गाभण निघतात. तेव्हा 19 जुलैची वेळ गेलीच असं आताच धरू नका.

तरीही रक्त एक गोष्ट सांगतं: माज सुरू होऊन साधारण दोन दिवस झाले आहेत. तुमच्याकडे ते भरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी पडतंय. याचा अर्थ भरवलं तेव्हा माज जवळपास आटोपला होता. आता हिशेब मांडा. समजा चांदी रात्री 11 ला माजावर आली. माज सुरू झाल्यापासून सुमारे 28 तासांनी अंडं सुटतं, म्हणजे पुढच्या मध्यरात्रीनंतर तीनच्या सुमारास. सुटलेलं अंडं काहीच तास तग धरतं. रेतातल्या शुक्रजंतूंना आत गेल्यावर तयार व्हायला सहाएक तास लागतात, मग ते दिवसभर जगतात. म्हणून ते आधी जाऊन वाट पाहत बसलेले हवेत. तुम्ही सकाळी सहाला सोट पाहिलात, फोन केलात, आणि रेतनवाले दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आले. तोवर 33 तास झाले. स्टेशनवर गाडी येऊन निघून गेल्यावर तिकीट काढलं तर काय उपयोग?

जुना नियम अजूनही कामाचा आहे: सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दादांना संध्याकाळी यायला जमत नसेल, तर जमेल असा दुसरा माणूस शोधा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि माणूस येईल तेव्हा त्याच्या हाताकडेही बघा. गोठवलेल्या रेताची कांडी नळकांड्यातून काढली की कोमट पाण्यात, सुमारे 37 अंशाला, अर्धा मिनिट ठेवायची, पुसून कोरडी करायची आणि लगेच वापरायची. कांडी खिशात किंवा तळहातात चोळून गरम करणारे मी पाहिलेत. तुमच्याकडे तसं होत असेल तर स्पष्ट सांगा, लाजू नका. कांडीवरचा वळूचा नंबर वहीत उतरवून घ्या.

पण मुळात रात्री 11 ला सुरू झालेला माज रात्रीच दिसायला हवा होता, आणि इथेच जास्त दुधाच्या गाईची खरी अडचण आहे. पुस्तकात माज 12 ते 18 तासांचा लिहिलेला असतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईत तो सातआठ तासांत उरकतो, कधी त्याहूनही कमी. उन्हाळ्यात तर ती दिवसा काही दाखवतच नाही, जे दाखवायचं ते मध्यरात्री ते पहाट. एचएफ गावरान गाईसारखी हंबरून गल्ली डोक्यावर घेईलच असंही नाही. त्यात तुमच्या सहाही गाई दिवसरात्र दाव्याला आहेत. माजाची खात्रीची खूण एकच: दुसरी गाय अंगावर चढली तरी ही जागेवर निमूट उभी राहते. बांधलेल्या गाईला ती खूण दाखवायची तरी कशी?

तुमच्या घरात एक सोय आहे जी इतरांकडे नसते. मिस्टर सेकंड शिफ्टहून रात्री साडेअकरा-बाराला येत असतील. त्यांना सांगा, गाडी लावली की जेवायच्या आधी वीस मिनिटं कोठ्याकडे. गाई आवारात मोकळ्या सोडायच्या आणि फोनमध्ये न बघता त्यांच्याकडे बघायचं. कोण कोणावर चढतं, कोण कोणाचा माग काढतं, कोणाच्या शेपटीला काचेसारखा सोट चिकटलाय. पहाटे पाचला तुम्ही तेच करा. शेपटीच्या मुळाशी रंगीत खडूचा जाड पट्टा ओढून ठेवलात तर आणखी सोपं: सकाळी पट्टा घासला गेलेला दिसला की रात्री कोणीतरी चढलं होतं. एकाएकी दूध दीड-दोन लिटरने उतरलं आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर तीही खूण समजा. आणि रक्त दिसलं तर ती तारीख लिहून 18-19 दिवस पुढे मोजा, पुढचा माज त्या सुमारास येईल. म्हणजे रक्ताचाही उपयोग झाला.

आता सासऱ्यांच्या बोलण्याकडे येतो, कारण ते निम्मं खरं आहे आणि अर्धवट खरं खोडणं अवघड असतं. खूप दूध देणारी गाय खूप खाते. खूप खाल्लं की यकृतातून रक्त जोरात फिरतं, आणि यकृत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं भराभर मोडून टाकतं. इस्ट्रोजेन कमी पडलं की माज आखूड आणि फिका होतो. प्रोजेस्टेरॉन कमी पडलं की नुकताच धरलेला गर्भ टिकायला अडचण येते. म्हणजे दुधाचा संबंध आहे. तरी दूध देणारी गाय गाभण राहतच नाही, हे मात्र खरं नाही. अमेरिकेत पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत होल्स्टीनचं दूध चढत गेलं आणि गर्भधारणेचं प्रमाण घसरत गेलं. वळू निवडताना मुख्यतः दूध पाहिलं जायचं, हे त्याचं एक मोठं कारण. 2003 पासून तिथे वळूच्या मूल्यमापनात त्याच्या मुली किती लवकर गाभण राहतात हेही मोजायला लागले, आणि पुढच्या वर्षांत घसरण थांबून उलट सुधारणा झाली. दूध काही कमी झालं नाही.

सासऱ्यांच्या भावाची गवळाऊ तीन लिटर देते, तेवढं दूध कुटार (भुसा) आणि बांधावरच्या गवतावर निघतं. तिच्या अंगातून काही ओढलं जात नाही. ती वर्धा-नागपूरच्या मातीत घडलेली आहे, ऊन तिच्या ओळखीचं आहे. चांदीने मात्र व्यायल्यावर पाचसहा आठवड्यांत 24 लिटर गाठले, आणि तिची भूक पूर्ण उघडायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात जे कमी पडतं ते ती अंगावरच्या चरबीतून काढून दुधात घालते. अशा वेळी निसर्ग आधी पाडसाचं दूध सांभाळतो, पुढच्या गर्भाचं नंतर बघू म्हणतो. तुम्ही लिहिता की मार्चमध्ये तिच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते. त्या अवस्थेत, 43 व्या दिवशी, तिला पहिल्यांदा भरवलं. व्यायल्यावर गर्भाशय आकसून जागेवर यायलाच सुमारे 40 दिवस लागतात. अशा गाईला 60 दिवस तरी द्यायला हवे होते. पहिली कांडी तिथेच वाया गेली. असो, ते झालं.

खुराकाचं तुम्ही लिहिलंय: सरकीची ढेप पाच किलो, तुरीची चुरी दोन, गव्हाचा कोंडा दोन, सोयाबीनचं कुटार पोटभर, हिरवं मिळालं तर. ताई, आपल्या भागात ढेप म्हणजे दूध असं समीकरण झालंय, आणि मला ते पटत नाही. या खुराकात प्रथिनं भरपूर आहेत आणि शक्ती कमी. पोटात शक्ती पुरेशी नसली की जादा प्रथिनांचा युरिया होतो, तो रक्तात फिरतो, दुधात उतरतो आणि गर्भाशयातही पोचतो. तिथलं वातावरण गर्भाला मानवत नाही. ढेप अडीच किलोवर आणा, कमी केलेल्याच्या जागी मक्याचा भरडा द्या. 15 लिटरच्या गाईला सगळा खुराक मिळून सात किलोच्या आसपास पुरतो, म्हणून चुरी आणि कोंडाही त्या बेताने कमी करा, आणि तो दोन ऐवजी तीन-चार वेळा विभागून द्या. खनिज मिश्रण रोज 60 ते 100 ग्रॅम, चिमूटभर नव्हे, मोजून. कुटारात फॉस्फरस फार कमी असतो आणि त्याचा परिणाम थेट माजावर होतो. हिरव्यासाठी बांधावर संकरित नेपियरच्या दोन ओळी आताच लावा, पावसाने त्या धरतील. पुढच्या वेतात चांदी व्याली की पहिले तीन महिने 100 ते 150 ग्रॅम बायपास फॅट (पहिल्या पोटात न मोडता पुढे जाणारी चरबी) द्या. आता, सहाव्या महिन्यात, त्यावर पैसे घालू नका.

तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न मात्र पावसाचा आहे. गारवा आला, तरी असं काहून?

नागपूरकरांना याचं उत्तर शरीराने माहीत आहे. मे महिन्यात कूलर लावला की खोली थंड होते. तोच कूलर जुलैत लावला की अंग चिकचिकतं आणि झोप उडते, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं, घाम वाळत नाही. गाईचंही तेच. पशुवैद्यक तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात, तो 72 च्या वर गेला की दुधाळ गाईला त्रास सुरू होतो. मेमधली 44 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर हा निर्देशांक सुमारे 86 येतो. जुलैतली 32 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तरी तोही 86 च येतो. आपल्याला गारवा वाटतो, चांदीला नाही. ती धापा टाकत असेल, तोंडाला फेस असेल, तर माझ्या आकड्यांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

शिवाय अंडं काही माजाच्या दिवशी तयार होत नाही. अंडाशयात ते कित्येक आठवडे वाढत असतं. मे-जूनच्या उन्हात भाजलेली अंडी जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडतात. ऊन संपल्यावरही दीड-दोन महिने गर्भधारणा मंद राहते ती यामुळे. दिवाळीच्या सुमारास त्याच गाई पटापट गाभण राहायला लागतात, आणि लोक शेवटच्या डॉक्टरला श्रेय देतात. (मीही असं श्रेय घेतलेलं आहे.)

तुमच्या कोठ्याचं टिन सात फुटांवर आहे. माणसाला घरात कूलर आणि गाईच्या डोक्यावर तवा, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. पुढच्या मार्चच्या आत टिन उचलून मधोमध तरी दहा-बारा फुटांवर न्या. ते जमत नसेल तर वर चुन्याचा जाड हात मारा आणि धानाची तणस पसरा. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) टाकू नका. ताप अडतो, पण गुलाबी बोंडअळी त्यात लपून पुढच्या कपाशीत उतरते. मे महिन्यात फवाऱ्याने गाय कातडीपर्यंत ओली करा आणि लगेच पंखा लावा, दिवसातून पाचसहा वेळा. नुसती अंगावरची केसं भिजवणारी वाफ नको. पंख्याशिवाय पाणी मारू नका. आता पावसाळ्यात पाणी कमी आणि पंखा जास्त. पाणी पिण्याची टाकी सावलीत हवी, दिवसभर भरलेली हवी. उन्हाळ्यात दुधाच्या गाईला रोज शंभर लिटरच्या वरही लागतं. उन्हाळ्यातला मोठा खुराक संध्याकाळनंतर आणि पहाटे.

9 ऑगस्टला काय करायचं ते आता सांगतो. चांदी 19 जुलैला राहिली नसेल तर तिचा माज 9 ऑगस्टच्या आसपास येईल. 5 तारखेच्या रात्रीपासून 12 पर्यंत पहारा ठेवा. माज आला तर सोट तळहातावर घेऊन उजेडात बघा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, लांब तार सुटणारा असेल तर नियमाप्रमाणे भरवा. त्यात पांढरे कण, पू किंवा गढूळपणा असेल तर त्या दिवशी कितीही आग्रह झाला तरी भरवू नका, आत सूज आहे, आधी उपचार. माज आलाच नाही तर आनंद मानून गप्प बसू नका. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तपासणी करून घ्या, सोनोग्राफीची सोय असेल तर त्याआधीही कळेल.

पाच वेळा भरवूनही न राहिलेली गाय तालुक्याच्या दवाखान्यातून सुटली नाही, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही, सेमिनरी हिल्सला. तिथे पशुप्रजननाचा स्वतंत्र विभाग आहे. तारखांची वही घेऊन जा. ती वही पाहिली की डॉक्टर तुमचं ऐकतील. माज नीट पकडताच येत नसेल, तर ते वेळ ठरवून रेतन सुचवतील: पहिल्या दिवशी एक इंजेक्शन, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पहिलंच, आणि मग 16 ते 20 तासांनी माजाची वाट न पाहता रेतन. हे चांगलं आहे, पण हडकुळ्या आणि तापलेल्या गाईवर त्याचीही जादू चालत नाही. आणि लिंगनिर्धारित रेत चांदीला मुळीच नको. बहुतेक कालवडीच होतील हे खरं, पण त्यात शुक्रजंतू कमी असतात आणि गर्भ राहण्याचं प्रमाणही कमी. ते तुमच्या पहिलारू कालवडींसाठी ठेवा. चांदीत एचएफचं रक्त 75 टक्क्यांच्या वर असेल, तर मी पुढची कांडी साहिवाल किंवा गीरची घालीन. वासरू दूध थोडं कमी देईल, नागपूरचा मे मात्र सोसेल. यावर तुमच्या मिस्टरांशी भांडण होईल, मला माहीत आहे.

तुम्ही चटकन एक हिशेब कराल: 9 ऑगस्टला राहिली तर 280 दिवसांनी, म्हणजे 16 मेच्या सुमारास व्यायची. भर उन्हात. मग थांबावं का? माझं मत, थांबू नका. 170 च्या वर दिवस ती रिकामी खाते आहे, आणखी तीन महिने कोण पोसणार? पण आटवल्यापासून (दूध काढणं बंद केल्यापासून) व्याईपर्यंत, म्हणजे मार्चच्या मध्यापासून, तिला कोठ्यातली सगळ्यात थंड जागा आणि पंखा. त्या दोन महिन्यांतल्या उन्हाचा फटका पुढच्या वेताच्या दुधावर बसतो. कालवडींचं मात्र तुमच्या हातात आहे. त्यांना डिसेंबर-जानेवारीत भरवा, म्हणजे त्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत वितील आणि दोन महिन्यांनी ऐन थंडीत पुन्हा भरवायला येतील. उन्हाळ्यात दुधाला भाव असतो म्हणून फेब्रुवारीत व्यायलेल्या गाई विकत घेण्याचा मोह होतो, तुम्हालाही तोच झालेला दिसतो. तो भाव दुसऱ्या खिशातून निघून जातो.

विकायचं की नाही? मी चांदीला आणखी तीन योग्य वेळी भरवलेले माज देईन, त्यातला शेवटचा थंडीत. आजवरच्या पाचांपैकी एकही माज तिला धडपणे मिळालेला नाही, तेव्हा तिच्यावर वांझपणाचा शिक्का मारणं अन्यायाचं होईल. त्या तीनांनंतरही रिकामी असेल तर दूध आहे तोवर विका, आणि घेणाऱ्याला खरं सांगून विका. एक तपासणी मात्र राहून गेली असेल तर करून घ्या: तुमच्या कोठ्यात कधी सातव्या-आठव्या महिन्यात गर्भपात झाला असेल तर ब्रुसेलोसिस या गर्भ पाडणाऱ्या रोगासाठी रक्त तपासा. तो माणसालाही होतो. पडलेला गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलू नका. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस सरकारी दवाखान्यात मिळते.

या आठवड्यात डॉक्टरांना बोलवाल तेव्हा कबरीपासून सुरुवात करा. ती गाभण असेल तर 27 डिसेंबरच्या सुमारास विते, तिला ऑक्टोबरच्या शेवटी आटवायला लागेल. तसं निघालं तर सासऱ्यांना सांगा आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. चांदीच्या 9 तारखेच्या सोटाचा रंगही.